इंग्रजीतला ‘आधीच’ कुठे बसतो?



गुरुजींनी या वेळी सांगितले होते की, प्रत्येकाने आपल्याला नीट समजलेली एक गोष्ट लिहून आणायची. कोणी विहिरीबद्दल लिहिले आहे, कोणी मधमाश्यांबद्दल. मी इंग्रजीतल्या एका शब्दाबद्दल लिहिणार आहे. तो शब्द ‘ऑलरेडी’. ऑलरेडी म्हणजे आधीच. तुम्ही म्हणाल, यात काय लिहायचे? पण हा शब्द मी गाळून वाचला आणि आमच्या घरी मोठी चूक होता होता राहिली.

इंग्रजी वाक्ये मी आपल्या अक्षरांतच लिहिली आहेत. म्हणजे आया आणि आज्यांनाही वाचता येतील.

काय झाले ते आधी सांगतो

आमच्या आबांना रक्तदाब आहे. मागच्या महिन्यात काका त्यांना तालुक्याच्या दवाखान्यात तपासायला घेऊन गेले होते. संध्याकाळच्या एस.टी.ने दोघे परत आले. काका फाट्यावरच उतरून डेअरीला दूध घालायला गेले. आबा एकटेच घरी आले. त्यांच्याजवळ गोळ्यांचे नवे पाकीट होते आणि डॉक्टरांनी लिहिलेला कागद होता.

आई-बाबा रानातून यायचे होते. ताई दळण आणायला गेली होती. जेवणे झाल्यावर आजी म्हणाली, “कागदात काय लिवलंय बघ रे. तू इंग्रजी शिकतोस ना?” मला फार आनंद झाला. मी कंदिलासारखा ताठ उभा राहिलो आणि मोठ्याने वाचले. कागदावर एक ओळ होती :

गिव्ह वन टॅब्लेट ॲट नाइट इफ इट हॅज नॉट ऑलरेडी बीन गिव्हन.

गिव्ह म्हणजे द्या, वन म्हणजे एक, टॅब्लेट म्हणजे गोळी, नाइट म्हणजे रात्र. हे सगळे मला येत होते. पुढचे मधले शब्द मला कळले नाहीत म्हणून मी ते सोडून दिले आणि शेवटचा ‘गिव्हन’ पकडला. गिव्हन म्हणजे दिलेले. मी आजीला सांगितले, “गोळ्या दिलेल्या आहेत, रात्री एक द्या, असं लिहिलंय.”

आजीने गोळी काढून आबांच्या तळहातावर ठेवली. आबांनी दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या घेतला. तेवढ्यात ताई डोक्यावर दळण घेऊन आली. ती दहावीत आहे. तिने सहज कागद उचलला आणि एकदम ओरडली, “आबा, थांबा!”

कागदाचा अर्थ होता : गोळी आधीच दिलेली नसेल तर रात्री एक द्या.

ताईने विचारले, “आबा, दवाखान्यात गोळी दिली का तुम्हाला?” आबा म्हणाले, “पोरी, काय काय दिलं, मला कुठं आठवतंय.” मग ताईने पाकीट हातात घेतले. त्यात दोन खाचा रिकाम्या होत्या. एक गोळी आबांच्या हातात होती. मग दुसरी कुठे गेली? तिने काकांना फोन लावला. काका म्हणाले, “पाच वाजता माझ्यासमोर नर्सबाईंनी दिली की! आता द्यायची नाही. दोन झाल्या तर चक्कर येऊन पडतील, असं डॉक्टरांनी मला सांगितलंय.”

मी रडलो. मला कोणी रागावले नाही, पण मी रात्रभर जागाच होतो. सकाळी मी ताईला म्हणालो, “मला त्या मधल्या शब्दांचं सगळं सांग.” तिने अंगणात फरशीवर खडूने लिहून जे सांगितले, तेच आता तुम्हाला सांगतो.

आपले ‘आहे’ आणि त्यांचे ‘हॅव’

आपण म्हणतो, मी भाकरी खाल्ली आहे. इंग्रजीत म्हणतात, आय हॅव ईटन भाकरी. काम होऊन गेले, पण त्याचा आताशी काही संबंध आहे, म्हणजे पोट आता भरलेले आहे, अशा वेळी हे वापरतात. याला पूर्ण वर्तमानकाळ म्हणतात. ‘खाल्ली होती’ म्हटले की तो पूर्ण भूतकाळ. त्याला इंग्रजीत ‘हॅड ईटन’.

दोन्ही भाषांत क्रियापदाचे दोन तुकडे आहेत. आपला एक तुकडा ‘खाल्ली’ आणि दुसरा ‘आहे’. त्यांचा पहिला ‘हॅव’ आणि दुसरा ‘ईटन’. आपला मदतनीस मागे उभा राहतो, त्यांचा पुढे.

आता यात ‘आधीच’ घाला पाहू. मराठीत तो पुष्कळ ठिकाणी चालतो :

आधीच मी भाकरी खाल्ली आहे.
मी आधीच भाकरी खाल्ली आहे.
मी भाकरी आधीच खाल्ली आहे.

थोडा थोडा फरक आहे, पण तिन्ही वाक्ये आपली वाटतात. आता हे बघा : मी भाकरी खाल्ली आधीच आहे. हसू आले की नाही? असे कोणी बोलत नाही. ‘खाल्ली’ आणि ‘आहे’ यांच्या मधे तो शब्द शिरत नाही. आपण तर बोलताना ते दोन तुकडे चिकटवूनच टाकतो. खाल्लीय, गेलाय, आलीय. चिकटल्यावर मधे जागा कुठून राहणार?

इंग्रजीत मात्र त्याची आवडती जागा बरोबर तीच आहे, दोन तुकड्यांच्या मधे :

आय हॅव ऑलरेडी ईटन.

ताईने सांगितले की इंग्रज लोकही बोलताना ‘हॅव’ चिकटवतात, पण ते पुढच्या नावाला चिकटवतात. ‘आय हॅव’चे होते ‘आयव्ह’. ‘शी हॅज’चे होते ‘शीज’. म्हणून त्यांच्या ‘हॅव’च्या मागे जागा मोकळीच राहते. आयव्ह ऑलरेडी ईटन. हे मला फार आवडले. आपला ‘आहे’ मागून येऊन खाल्लीला बिलगतो आणि त्यांचा ‘हॅव’ पुढे जाऊन ‘आय’ला बिलगतो.

मधे झोपणारे धाकटे

आमच्या घरी रात्री आई एका कडेला झोपते, बाबा दुसऱ्या कडेला आणि धाकटी बहीण मधे. तिला कडेला ठेवले तर ती रडते. ‘ऑलरेडी’ हा असाच मधे झोपणारा शब्द आहे. त्याची भावंडेही आहेत :

नेव्हर म्हणजे कधीच नाही.
एव्हर म्हणजे कधी, कधीतरी.
ऑल्वेज म्हणजे नेहमी.
जस्ट म्हणजे आत्ताच.
ऑफन म्हणजे पुष्कळदा.

सगळी मधेच झोपतात :

शी हॅज नेव्हर सीन द सी. (तिने समुद्र कधीच पाहिलेला नाही.)
द बस हॅज जस्ट गॉन. (एस.टी. आत्ताच गेली आहे.)
वी हॅव ऑल्वेज लिव्ह्ड हिअर. (आम्ही नेहमी इथेच राहत आलो आहोत.)

अशा शब्दांना व्याकरणात क्रियाविशेषण म्हणतात. काम केव्हा झाले, कितीदा झाले, कसे झाले हे ते सांगतात.

पण कधी कधी क्रियापदाचे तीन तुकडे असतात. आबांच्या कागदावर होते ‘हॅज बीन गिव्हन’. आता मधल्या जागा दोन झाल्या. धाकट्याने कुठे झोपायचे? ताई म्हणाली, “पहिल्याच्या कुशीत.” म्हणजे ‘हॅज’च्या लगेच मागे. हॅज ऑलरेडी बीन गिव्हन. आणि ‘नॉट’ आला तर तो आणखी जवळ सरकतो. हॅज नॉट ऑलरेडी बीन गिव्हन.

काम कसे झाले हे सांगणारा शब्द मात्र शेवटच्या तुकड्याजवळ झोपतो. आपल्या गावचा रस्ता पावसात खराब झाला त्याचे वाक्य असे होईल :

द रोड हॅज ऑलरेडी बीन बॅडली डॅमेज्ड.

‘आधीच’ हॅजच्या कुशीत आणि ‘वाईट रीतीने’ डॅमेज्डच्या कुशीत. दोघेही मधेच, पण प्रत्येकाची उशी वेगळी.

वाक्याच्या पोटातले वाक्य

आता खरी गंमत. कागदावरच्या ओळीत एक वाक्य नव्हते, दोन होती. ‘रात्री एक गोळी द्या’ हे मोठे वाक्य. ‘ती आधीच दिलेली नसेल तर’ हे त्याच्या पोटातले वाक्य. मोठ्याला प्रधान वाक्य म्हणतात आणि पोटातल्याला गौण वाक्य. आपण मराठीत जर, जेव्हा, कारण, की, जो असे शब्द लावून ते जोडतो. इंग्रजीत त्यासाठी इफ, व्हेन, बिकॉज, दॅट, हू असे शब्द आहेत. हे शब्द म्हणजे पोटातल्या वाक्याचे दार.

मी ताईला विचारले, “दारातून आत गेल्यावर धाकट्याची जागा बदलते का?” ती म्हणाली, “नाही. आत गेला तरी मधेच झोपतो.” बघा :

इफ यू हॅव ऑलरेडी ईटन, गो टू स्कूल. (तू आधीच जेवला असशील तर शाळेत जा.)
शी इज क्राइंग बिकॉज शी हॅज जस्ट फॉलन. (ती रडते आहे, कारण ती आत्ताच पडली.)
आय नो दॅट बाबा हॅज नेव्हर सीन द सी. (बाबांनी समुद्र कधीच पाहिलेला नाही हे मला माहीत आहे.)

प्रश्न विचारताना मात्र ‘हॅव’ उडी मारून नावाच्या पुढे जातो. हॅव यू एव्हर सीन द सी? म्हणजे तू कधी समुद्र पाहिला आहेस का? पण तोच प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला की उडी बंद. शी आस्क्ड मी इफ आय हॅड एव्हर सीन द सी. म्हणजे मी कधी समुद्र पाहिला होता का, असे तिने मला विचारले. पुन्हा हॅड, मधे एव्हर आणि मग सीन. मोठ्या मुलांचीही इथे चूक होते, असे ताई म्हणते.

कुठे बसायचे नाही

क्रियापद आणि ज्या वस्तूवर काम झाले ती वस्तू, यांच्या मधे बसायचे नाही. ‘आय हॅव ईटन ऑलरेडी द मँगो’ हे चूक. ‘आय हॅव ऑलरेडी ईटन द मँगो’ हे बरोबर. ‘आय हॅव ईटन द मँगो ऑलरेडी’ हेही चालते. ‘येट’ म्हणजे अजून. त्याला बहुतेक वेळा शेवटीच आवडते. आय हॅव नॉट ईटन येट. आणि ‘वेल’ म्हणजे चांगले. तोही शेवटी. शी हॅज रिटन द लेटर वेल.

आणखी एक लक्षात ठेवा. ‘येस्टर्डे’ म्हणजे काल. त्याचे आणि ‘हॅव’चे जमत नाही. ‘आय हॅव सीन हिम येस्टर्डे’ असे म्हणायचे नाही. ‘आय सॉ हिम येस्टर्डे’ म्हणायचे. काल म्हटले की ती वेळ संपली आणि ‘हॅव’ला तर आत्ताशी संबंध ठेवायचा असतो, म्हणून.

बांधावरचे झाड

तुम्हाला माहीतच आहे की दोन शेतांच्या बांधावर आंब्याचे झाड असले म्हणजे भांडण होते. हा म्हणतो माझे, तो म्हणतो माझे. इंग्रजीत क्रियाविशेषण बांधावर लावले तरी असेच होते. ताईने हे वाक्य दिले :

चिल्ड्रन हू हॅव प्रॅक्टिस्ड ऑफन विन.

‘हू हॅव प्रॅक्टिस्ड’ हे पोटातले वाक्य, म्हणजे ‘ज्यांनी सराव केला आहे’. ‘विन’ हे मोठ्या वाक्याचे, म्हणजे ‘जिंकतात’. आणि ‘ऑफन’ बरोबर दोघांच्या बांधावर. मग अर्थ कोणता? ज्यांनी पुष्कळदा सराव केला आहे ती मुले जिंकतात? की ज्यांनी सराव केला आहे ती मुले पुष्कळदा जिंकतात? खो-खोच्या संघाला हा फरक मोठा आहे. पहिल्या अर्थाने एकदा सराव करून भागत नाही.

मराठीत जो-तो, ज्यांनी-त्यांनी अशी कुंपणे आपण दोन्हीकडून घालतो, म्हणून शब्द कोणाच्या शेतातला ते लगेच कळते. इंग्रजीत झाड बांधावरून काढून आत लावायचे :

चिल्ड्रन हू हॅव ऑफन प्रॅक्टिस्ड विन. (पुष्कळदा सराव केलेली मुले जिंकतात.)
चिल्ड्रन हू हॅव प्रॅक्टिस्ड विल ऑफन विन. (सराव केलेली मुले पुष्कळदा जिंकतील.)

वाक्याच्या अगदी शेवटी लावलेल्या झाडाचेही तसेच. ताई टोल्ड मी दॅट काका हॅड पेड द मनी ऑन मंडे. काकांनी सोमवारी पैसे भरले, की ताईने मला सोमवारी सांगितले? दुकानदाराच्या वहीत उधारी लिहिलेली असेल तर यावरून भांडण होईल. ताईने सोमवारी सांगितले असेल तर ‘ऑन मंडे’ दाराच्या बाहेर आणायचे : ताई टोल्ड मी ऑन मंडे दॅट काका हॅड पेड द मनी.

आता तीच ओळ पुन्हा वाचू

गिव्ह वन टॅब्लेट ॲट नाइट. हे मोठे वाक्य, रात्री एक गोळी द्या. मग ‘इफ’, हे दार. दाराच्या आत हॅज, नॉट, ऑलरेडी, बीन, गिव्हन. पहिला ‘हॅज’, शेवटचा ‘गिव्हन’ आणि त्यांच्या मधे झोपलेले ‘नॉट ऑलरेडी’.

मी त्या दोघांना न उठवताच वाचले होते. ताईने फरशीवरचे ‘नॉट’ आणि ‘ऑलरेडी’ हाताने पुसले आणि मला म्हणाली, “आता वाच.” उरले ते असे : गिव्ह वन टॅब्लेट ॲट नाइट इफ इट हॅज बीन गिव्हन. म्हणजे गोळी दिलेली असेल तर आणखी एक द्या! अगदी उलटे. मी ती पुसलेली जागा बघतच राहिलो. आबांच्या तळहातावरची गोळी मला पुन्हा दिसली.

मोठे शब्द मला येत होते. गिव्ह, टॅब्लेट, नाइट. पण करायचे की नाही करायचे हे मोठ्या शब्दांनी सांगितलेच नव्हते. ते मधल्या धाकट्यांनी सांगितले होते.

आबांच्या पेटीत तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आहे. पाने पिवळी झाली आहेत. आबांनी त्यावरून इंग्रजी शिकायचे ठरवले होते, पण शेतीमुळे राहून गेले. आपल्या राज्यातल्या मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणून आबा म्हणाले, “माझं राहिलं, तुझं राहू देऊ नकोस. पण अर्धं वाचून पुरं सांगू नकोस.” तो कागद त्यांनी पाठमालेच्या पानांत ठेवला आहे.

आता आमच्या घरी नियम केला आहे. इंग्रजी कागद आला की मी आधी दार शोधतो, इफ, व्हेन, बिकॉज, दॅट. मग हॅव, हॅज, हॅड यांपैकी कोण आहे ते बघतो. त्याच्यावर बोट ठेवतो आणि शेवटच्या तुकड्यापर्यंत एकेक शब्दावरून बोट नेतो. एकही सोडत नाही. जो शब्द कळला नाही तिथे थांबतो आणि “हा शब्द मला येत नाही” असे मोठ्याने सांगतो. मग ताईला, गुरुजींना नाहीतर फोन करून काकांना विचारतो. आणि पालकांनो, औषधाचा कागद असेल तर आमच्यासारख्या लहान मुलांवर सोडू नका. दवाखान्यातच विचारून घ्या. आम्हाला वाचायला द्या, पण नंतर.

सोडवा पाहू!

१. ‘आय हॅव डन माय होमवर्क’ यात ‘ऑलरेडी’ घाला.
२. ‘द वेल हॅज बीन क्लीन्ड’ (विहीर साफ केली गेली आहे) यात ‘जस्ट’ घाला. तुकडे तीन आहेत, सांभाळा!
३. ‘ही आस्क्ड मी इफ हॅड आय एव्हर सीन अ टायगर’ यात काय चुकले?
४. ‘पीपल हू हॅव वॉक्ड ऑफन गेट टायर्ड’ यात बांधावरचे झाड कोणते? त्याचे दोन अर्थ मराठीत सांगा.

(उत्तरे : १. आय हॅव ऑलरेडी डन माय होमवर्क. २. द वेल हॅज जस्ट बीन क्लीन्ड. ३. पोटातल्या वाक्यात ‘हॅड’ने उडी मारायची नाही. इफ आय हॅड एव्हर सीन. ४. ‘ऑफन’. पुष्कळदा चाललेली माणसे दमतात. किंवा, चाललेली माणसे पुष्कळदा दमतात.)

ज्याची चारही बरोबर येतील त्याने मला मधल्या सुट्टीत सांगावे. माझे काही चुकले असेल तर गुरुजींनी आणि मोठ्यांनी क्षमा करावी. आबा आता बरे आहेत. गोळी रोज वेळेवर घेतात, एकच.

— इयत्ता चौथी, हजेरी क्रमांक ११